मे महिन्याचं पाणी सप्टेंबरात साठवा

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. हे एवढं सूत्र लक्षात ठेवलं, तर या लेखातला सगळा हिशेब तुम्हाला घरबसल्या कागदावर पडताळून पाहता येईल.

लोणावळ्यात वर्षाला साधारण चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. चांगल्या वर्षी त्याहून बराच जास्त. शंभर चौरस मीटरचं, म्हणजे हजार-अकराशे चौरस फुटांचं छप्पर धरा. त्यावर वर्षभरात चार लाख लिटर पाणी पडतं. उडालं, सांडलं, पहिल्या सरीत धुवून गेलं ते वजा केलं तरी सव्वातीन लाख लिटर उरतं. आता गरज बघा. माणशी रोज १३५ लिटर हे शहरी माप लावलं, तर पाच माणसांच्या घराला वर्षाला अडीच लाख लिटरही लागत नाही. घराला लागतं त्याहून जास्त पाणी त्या घराच्याच छपरावर पडतं. तरीही एप्रिल उलटला की मावळातल्या डोंगरावरच्या वाड्या-वस्त्यांवर बायका हंडे घेऊन झऱ्यापाशी नंबर लावून बसतात आणि खाली बंगल्यांच्या दारात टँकर उभे राहतात.

इथे पावसाचा तुटवडा नाही, हे उघड आहे. जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि आला तसा निघून जातो, ही खरी अडचण आहे. त्यामुळे मराठवाड्यात किंवा माणदेशात जलसंधारणाचे जे धडे दिले जातात, ते मावळात जसेच्या तसे लागू होत नाहीत. तिथे पडणारा थेंबन्‌थेंब अडवायचा असतो. इथे जुलैतलं बहुतेक पाणी तुम्ही अडवूच शकणार नाही, आणि त्याची गरजही नाही. पाऊस थांबल्यावर ते किती महिने टिकवता येईल, हा इथला प्रश्न आहे. सप्टेंबरअखेर ते मेअखेर हे आठ महिने नजरेसमोर ठेवून नियोजन केलं, तर बऱ्याच गोष्टी सोप्या आणि स्वस्तही होतात.

आधी जमिनीविषयी. आपल्या पायाखाली काळा कातळ आहे, थरावर थर रचलेला. वरचा मुरूम आणि झिजलेला भाग पाणी धरतो. खालचा अखंड कातळ जवळजवळ धरतच नाही. पाणी साठतं ते भेगांमध्ये आणि दोन थरांच्या सांध्यात. डोंगराच्या कुशीत जिथे हा सांधा उघडा पडतो, तिथून झरा वाहतो. रस्त्यासाठी किंवा प्लॉटिंगसाठी डोंगर कापलेला असेल तिथे नीट पाहा. काळ्या थरांच्या मध्ये लालसर मातीचा पट्टा दिसतो आणि त्याच्याच कडेने पाणी पाझरत असतं. अशा जमिनीची कोठी लहान असते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ती भरते. त्यानंतर तुम्ही कितीही मोठा शोषखड्डा खणा, तो तुडुंब भरून वाहत राहील, कारण खाली जागाच नाही. म्हणून लोणावळा-खंडाळ्याच्या बंगल्यात हजारो रुपये खर्चून शोषखड्डा घेण्याआधी विचार करा. तिथे बंद टाकी जास्त उपयोगी पडते. वडगाव, तळेगावकडे पाऊस घाटमाथ्याच्या मानाने फारच कमी आणि जमिनीत मुरायला वाव जास्त. तिथे पुनर्भरण चांगलं काम करतं. एकाच तालुक्यात, तासाभराच्या अंतरावर, उपाय बदलतो. कंत्राटदार मात्र दोन्हीकडे एकच नकाशा घेऊन येतो. त्याला हे विचारायला हवं.

टाकीचं तंत्र या खोऱ्याला नवीन नाही. कामशेतहून पवनानगरकडे जाताना डोंगरात बेडसे लेणी लागतात. तिथल्या एका पाण्याच्या टाक्यावर कोरलेला लेख सांगतो की ते सामडिनिका नावाच्या महारठिनीने दान दिलं. एका बाईने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी धर्मादाय म्हणून पाण्याचा साठा दिला आणि त्यावर आपलं नाव कोरवलं. भाज्याच्या लेण्यांतही टाक्याच्या दानाचा लेख आहे. या टाक्यांना पोढी म्हणत. खडकात खोदलेली, तोंड लहान आणि आत पोट मोठं. तोंड लहान असल्याने ऊन आत शिरत नाही. ऊन नाही म्हणून शेवाळ नाही, वाफही कमी. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, या सगळ्या किल्ल्यांवर अशीच टाकी आहेत आणि गडावरची शिबंदी उन्हाळा काढायची ती त्यांच्या भरवशावर. राजमाचीला उधेवाडीजवळचा उदयसागर तलावही त्याच विचारातला. आपण टाकी बांधताना याच तीन गोष्टी सांभाळायच्या: अंधार, झाकण आणि भरायची योग्य वेळ.

पहिला हिशेब छोट्या घराचा. तुम्हाला वर्षभराचं सगळं पाणी साठवायचं नाही. फक्त मार्च, एप्रिल, मे या तीन महिन्यांचं पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी घरात असावं, एवढंच ठरवा. माणशी रोज वीस लिटर धरले तर पाच माणसांना शंभर लिटर. नव्वद दिवसांचे नऊ हजार. म्हणजे दहा हजार लिटरची एक टाकी पुरते. फेरोसिमेंटची, म्हणजे जाळी आणि सिमेंटच्या गिलाव्याची गोल टाकी गावातला गवंडी एकदा शिकला की बांधू शकतो. प्लॅस्टिकच्या दोन टाक्या जोडूनही काम होतं. पंचवीस चौरस मीटरचं पत्र्याचं छप्पर असलं तरी ती भरायला पाचशे मिलिमीटर पाऊस पुरतो. घाटमाथ्याजवळच्या वाडीत तेवढा पाऊस भर पावसाळ्यात आठ-पंधरा दिवसांत पडून जातो.

इथेच वेळेचा मुद्दा येतो. बहुतेक लोक टाकी जूनमध्ये भरतात आणि मग ती चार महिने तशीच उभी राहते. जूनच्या पावसात छपरावरची धूळ, पाचोळा, पक्ष्यांची घाण, चुलीची काजळी असं सगळं उतरतं. तसं करू नका. जून-जुलैचं पाणी धुण्याभांड्याला, गुरांना वापरा. ऑगस्टअखेर टाकी पूर्ण रिकामी करून आतून घासून घ्या. मग सप्टेंबरच्या पावसावर ती नव्याने भरा. छप्पर तोवर तीन महिने धुतलेलं असतं, हवेत धूळ नसते आणि हे पाणी मार्चपर्यंत टिकवायला जुलैपेक्षा दोन महिने कमी लागतात. सप्टेंबरातही मोठ्या उघडिपीनंतरची पहिली सर टाकीत घेऊ नका. त्यासाठी पन्हळीच्या खाली उभ्या पाइपला एक फाटा ठेवा, त्याला झाकण लावा. पहिलं पाणी फाट्यातून सोडून दिलं की झाकण बंद करायचं. टाकीच्या तोंडावर बारीक जाळी बसवा, ओसंडणाऱ्या पाइपलाही जाळी लावा, नाहीतर डास शिरतात. पाऊस गेल्यावर हजार लिटरला पाच ग्रॅम या प्रमाणात ब्लीचिंग पावडर, म्हणजे ग्रामपंचायतीत मिळणारी टीसीएल, बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरचं निवळ पाणी टाकीत ओता. पिताना उकळून घ्यायला हरकत नाही. टाकी काढून ठेवायची म्हणजे खरंच काढून ठेवायची. जानेवारीत लग्नकार्य निघालं म्हणून तोटी उघडली, तर मे महिन्यात हंडा पुन्हा डोक्यावर येतो.

कातकरी आणि ठाकर वस्त्यांवर घरटी टाकी परवडत नाही. तिथे शाळेचं, समाजमंदिराचं, देवळाचं छप्पर वापरता येईल. शाळेला दीडशे चौरस मीटर छप्पर असेल, तर नुसत्या सप्टेंबरच्या पावसात वीस-पंचवीस हजार लिटरची टाकी भरून वाहील. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात हे काम घालायचं असेल तर ग्रामसभेत ठराव मांडावा लागतो. ठरावात टाकीबरोबर पन्हळ, जाळी आणि दरवर्षी टाकी धुण्याचा खर्चही लिहून घ्या. पन्हळ तुटली म्हणून कोरडी पडलेली सिमेंटची टाकी पुष्कळ शाळांमागे पाहायला मिळते. देखभालीचा खर्च कुणी धरलेला नसतो, एवढंच त्याचं कारण असतं.

आता बंगलेवाल्यांशी थोडं स्पष्ट बोलायला हवं. लोणावळा, खंडाळा, तुंगार्ली, पवनाकाठ इथे शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी पोहण्याचे तलाव झाले आहेत. दहा मीटर लांब, पाच रुंद, दीड खोल असा मध्यम तलाव पंचाहत्तर हजार लिटरचा असतो. वाडीतल्या पाच माणसांच्या कुटुंबाचा पिण्या-स्वयंपाकाचा दोन वर्षांचा साठा त्यात मावतो. तलाव बंद करा असं म्हणणं नाही; त्यावर अनेक स्थानिकांचं पोट आहे. पण दर आठवड्याला पाणी बदलणं हा आळस आहे. वाळूचा फिल्टर चालू असेल आणि क्लोरीन रोज मोजलं जात असेल, तर तेच पाणी महिनोन्‌महिने वापरता येतं. उन्हाळ्यात एवढ्या तलावातून रोज तीनशे लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन जातं. रात्री आणि मधल्या वारी ताडपत्री किंवा तरंगतं आच्छादन घातलं तर त्यातलं बरंच वाचतं. तलाव पावसाच्या पाण्याने भरा, तेही छपरावरून गाळून. आणि उन्हाळ्यात तलाव भरण्यासाठी टँकर मागवाल तेव्हा तो कुठून भरून येतो ते विचारा. तो बहुधा जवळच्याच एखाद्या विहिरीवर किंवा बोअरवर भरला जातो आणि त्या विहिरीवर आणखी कुणीतरी अवलंबून असतं. हिरवळीचंही तसंच. परदेशी लॉनला एप्रिलमध्ये रोज पाणी लागतं. करवंद, तोरण, कुडा, जांभूळ, हिरडा ही इथली झाडं मूळ धरल्यावर मागत नाहीत.

पिण्याच्या पाण्याच्या आरओ यंत्राबद्दलही एक सांगायला हवं. हे यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देताना दोन-तीन लिटर पाणी फेकतं. त्याची गरज क्षार जास्त असतील तिथेच. मावळातल्या धरणांचं पाणी मुळात पावसाचं, मऊ. क्षार मोजायचं छोटं यंत्र दुकानात मिळतं. आकडा पाचशेच्या आत आला तर आरओची गरज नाही, साधा गाळणीचा आणि अतिनील किरणांचा फिल्टर पुरे. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ साली हीच मर्यादा धरून आरओवर बंधन घालण्याचे आदेश दिले होते. बोअरचं पाणी असेल आणि आरओ ठेवावाच लागत असेल, तर फेकलेल्या पाण्याची नळी बादलीत सोडा. फरशी पुसायला, संडासात ओतायला ते चालतं.

तळेगाव, वडगाव, कामशेतच्या सोसायट्यांसाठी कामं वेगळी. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार पाचशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामाला पाऊसपाणी संकलन बंधनकारक आहे. कागदावर ते प्रत्येक इमारतीत आहे. प्रत्यक्षात किती ठिकाणी गच्चीच्या पाइपांची टोकं गटारात सोडलेली आहेत, हे या पावसाळ्यात छत्री घेऊन स्वतः खाली उतरून पाहा. हजार चौरस मीटरची गच्ची असेल आणि पाऊस अकराशे मिलिमीटर धरला, तर आठ-नऊ लाख लिटर पाणी दरवर्षी त्या गटारात जातं.

बोअर पुनर्भरण करताना काही गोष्टी कटाक्षाने पाळा. गच्चीचंच पाणी घ्या. पार्किंगचं, रस्त्याचं, बागेतलं घेऊ नका, कारण त्यात तेल, खत आणि मैला असू शकतो आणि एकदा कातळाच्या भेगेत गेलेली घाण बाहेर काढता येत नाही. मधे गाळणीचा खड्डा हवा, वाळू, खडी आणि जाळीचा, आणि तो दरवर्षी मे महिन्यात उपसून धुवायचा. ज्या बोअरला पावसाळ्यात तोंडापर्यंत पाणी येतं त्यात पुनर्भरण करण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यात ज्याची पातळी खोल जाते आणि पावसाळ्यातही जो पूर्ण भरत नाही, तो निवडा. शंका असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय पुण्यातच आहे. पुण्यातलीच ॲक्वाडॅम ही संस्था झरे आणि भूजल या विषयावर वर्षानुवर्षं काम करते. पाणाड्याला नारळ देण्याआधी भूवैज्ञानिकाला विचारलेलं बरं.

त्याहीपेक्षा लवकर फळ देणारं काम मीटरचं. सोसायटीत पाणी मोजल्याशिवाय वाचत नाही, हा अनुभव आहे. जमिनीवरच्या टाकीला एक मीटर आणि प्रत्येक फ्लॅटला एक. दोन्हींच्या बेरजेत फरक दिसला की गळती पाइपात आहे हे कळतं. घरातली गळती शोधायला एक लिटरची बाटली पुरते. ठिबकणाऱ्या नळाखाली ठेवा. तासाभरात भरली तर दिवसाला चोवीस आणि वर्षाला आठ हजार सातशे साठ लिटर गेले. संडासाच्या टाकीत खाण्याचा रंग घालून पंधरा मिनिटं थांबा. फ्लश न करता भांड्यात रंग उतरला तर आतला रबर बदलायला झालाय. जुनी टाकी एका वेळी दहा लिटर सोडते. पाच माणसांनी दिवसात पाच-पाच वेळा वापरली तर अडीचशे लिटर. तीन-सहा लिटरच्या दोन बटणांच्या टाकीने तेच काम नव्वद लिटरांत होतं. वर्षाला अठ्ठावन्न हजार लिटरांचा फरक एका घरात, तोही कुणाची आंघोळ कमी न करता. पुणे महापालिका पाऊसपाणी संकलन, सौर ऊर्जा, गांडूळ खत यांपैकी एक सोय चालू असल्यास मालमत्ता करात पाच टक्के आणि दोन असल्यास दहा टक्के सूट देते. तुमच्या नगरपरिषदेत किंवा नगरपंचायतीत अशी सवलत आहे का ते विचारा, नसेल तर सोसायट्यांनी मिळून तशी मागणी करा.

वाचवलेल्या पाण्याचा फायदा घराच्या उंबऱ्याबाहेर कुठवर जातो, ते मावळात फार स्पष्ट दिसतं. घाटाच्या तोंडाशी वळवण, लोणावळा, शिरोता या टाटांच्या तलावांचं पाणी पश्चिमेला उतरून खोपोलीच्या केंद्रात वीज करतं. हे केंद्र १९१५ साली सुरू झालं. ठोकळवाडीचं पाणी तसंच भिवपुरीला जातं आणि पुढे उल्हास नदीला मिळतं. त्या नदीवर कल्याण परिसरातल्या लाखो लोकांची तहान भागते. भुशी धरण तर रेल्वेने बांधलं, वाफेच्या इंजिनांसाठी. पूर्वेला पवना धरणाचं पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून पिंपरी-चिंचवड उचलते, रोज सुमारे पन्नास कोटी लिटर. आंद्रा धरणाचं पाणीही आता त्याच शहराला जातं. या सगळ्या गावांनी आणि शहरांनी एकाच डोंगररांगेच्या पावसावर संसार मांडलेला आहे.

त्यात मावळाने किती सोसलं, हे शहरात राहणाऱ्या वाचकाने विसरू नये. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर गावाजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं आणि पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मरण पावले. धरणासाठी जमिनी गेल्या, नदीकाठची शेती नदीत सोडलेल्या पाण्यावर चालते, आणि पाणी पाइपात गेलं तर नदीचं काय, हा त्यांचा प्रश्न होता. तो आजही पूर्ण मिटलेला नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड पाणी येतं. शहराची मागणी वाढली की दर वेळी नजर मावळाकडे वळते. निगडी-वाकडच्या सोसायटीत फ्लशची टाकी बदलली जाते, तेव्हा पवन मावळातल्या शेतकऱ्यावरचा तेवढा दाब कमी होतो. हे मी भावनेने म्हणत नाही. मागणी आणि धरणातला साठा यांचा हा सरळ हिशेब आहे.

विजेचंही तसंच. हजार लिटर पाणी शंभर मीटर चढवायला, पंपात वाया जाणारी शक्ती धरून, ०.४ युनिटच्या आसपास वीज लागते. रोजच्या पन्नास कोटी लिटरांना दर शंभर मीटर चढणीमागे दोन लाख युनिट होतात. मागणी दहा टक्क्यांनी उतरली तर वीस हजार युनिट रोज वाचतात, आणि ते बिल शेवटी करदात्यानेच भरायचं असतं. शिवाय घरात आलेल्या पाण्यातलं ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. कुरवंड्याजवळ उगम पावलेली इंद्रायणी लोणावळा, कामशेत, तळेगाव यांचं सांडपाणी घेत देहू-आळंदीला पोचते. कार्तिकीला तिथे स्नान करणाऱ्या वारकऱ्याच्या ओंजळीत काय येतं, ते वरच्या गावांवर ठरतं. कमी पाणी वापरलं की कमी सांडपाणी, आणि आहे तेवढ्या मैलाशुद्धीकरण केंद्रावर ताण कमी. गृहसंकुलांनी स्वतःच्या केंद्राचं शुद्ध केलेलं पाणी फ्लशला आणि बागेला फिरवलं तर हा फायदा दुप्पट होतो. त्यासाठी वेगळा पाइप लागतो, म्हणून फ्लॅट घेतानाच तो आहे का ते विचारून घ्या.

शेवटी डोंगर आणि शेत. आंदर, नाणे आणि पवन, तिन्ही मावळांत पाणी मुरवण्याचं सगळ्यात मोठं साधन भातखाचरं आहेत. एक एकर खाचरात वीतभरापेक्षाही कमी, दहा सेंटिमीटर पाणी उभं राहिलं तरी ते चार लाख लिटर होतं, आणि पावसाळाभर ते पुन्हा पुन्हा भरतं, मुरतं. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेला इंद्रायणी तांदूळ आज राज्यभर खाल्ला जातो. ज्या खाचरांत तो पिकतो, ती खाचरं खालच्या विहिरी भरत असतात, हे मात्र कुणाच्या खात्यावर मांडलं जात नाही. मुरमाचा भराव टाकून खाचर प्लॉटमध्ये बदललं की तो साठा कायमचा जातो. जमीन विकणाऱ्याला दोष देऊन काही साधणार नाही. पण विकत घेणाऱ्याने निदान बांध, ओढा आणि पाण्याची वाट शाबूत ठेवावी. ओढा बुजवून त्यावर भिंत घातली तर पहिल्या मोठ्या पावसात तो आपली वाट परत घेतो, हे मावळात दरवर्षी दिसतं.

डोंगरउतारावर चर खणताना फार सावध राहा. सलग समतल चर हा चांगला उपाय आहे, पण सगळीकडे नाही. १९८९ साली भाज्यात दरड कोसळली होती. २०१४ च्या ३० जुलैला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं. तीव्र उतार, वर मातीचा जाड थर आणि खाली वस्ती, अशा ठिकाणी पाणी मुरवायचं नाही. ते गटाराने बाजूला काढून द्यायचं. वस्तीच्या डोक्यावर शेततळं किंवा चर कुणी सुचवत असेल, तर तज्ज्ञाची तपासणी झाल्याशिवाय होकार देऊ नका, कितीही अनुदान असलं तरी.

झऱ्याची राखण करायला पैसे फारसे लागत नाहीत. झऱ्याच्या वरच्या अंगाला संडासाचा शोषखड्डा, गोठा, उकिरडा नको. गुरांसाठी खाली वेगळं डबकं करून द्यावं, म्हणजे ती उगमात उतरत नाहीत. भोवतालची झाडी तोडू नये, वणवा लागू देऊ नये. आणि झऱ्याच्या वरून नवीन रस्ता किंवा प्लॉटिंग येत असेल, तर काम सुरू होण्याआधी ग्रामपंचायतीत लेखी हरकत नोंदवावी. सांधा कापल्यावर झरा परत येत नाही. दर पंधरा दिवसांनी एक लिटरचं भांडं भरायला किती सेकंद लागतात ते वहीत लिहून ठेवा. दोन-तीन वर्षांत कोणत्या महिन्यात झरा बारीक होतो ते कळतं, आणि टाकी किती मोठी लागेल याचं उत्तर त्या वहीतून मिळतं.

ओढ्यावर वनराई बंधारे घाला. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून, तोंड शिवून, ओढ्याच्या पात्रात विटांसारखी सांधेमोड रचायची. मोहन धारिया यांच्या वनराई संस्थेने हे काम महाराष्ट्रभर नेलं. शाळेतली मुलं आणि गावकरी मिळून एका दिवसात एक बंधारा उभा करतात. त्याच्या मागे साठलेलं पाणी पुढचे काही महिने गुरांना, कपड्यांना आणि भातानंतरच्या हरभरा-मसूर-वालाला पुरतं, आणि खालच्या विहिरीची पातळी टिकते. वेळ मात्र चुकवू नका. भाताची कापणी संपायची वाट पाहत बसलात तर ओढ्याचा प्रवाह निम्म्यावर आलेला असतो. परतीचा पाऊस थांबला आणि ओढ्याचं पाणी गढूळ राहिलं नाही, की लगेच, म्हणजे बहुतेक वर्षी ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, बंधारा घाला. रिकामी पोती गणपतीपासूनच गोळा करायला लागा. बांधकामाच्या साइटवर ती मागितली तर फुकट मिळतात. पुढच्या जूनच्या आधी ती काढून किनाऱ्यावर ठेवा, नाहीतर पहिल्या पुरात फाटून प्लॅस्टिकच्या चिंध्या इंद्रायणीत जातात.